शेजाऱ्यांची कामं करून मुलाला कामाची शिस्त लागेल का?

तुम्ही विचारलंय की मुलगा चौदा वर्षांचा आहे, घरात इकडची काडी तिकडे करत नाही; शेजाऱ्यांकडे कामाला लावला तर सुधारेल का, आणि त्याने पैसे घ्यावेत का?

सुधारतो, पण तुम्ही मध्ये लुडबूड केली नाहीत तर. घरात काम राहिलं की आई आधी ओरडते आणि मग स्वतःच करून टाकते, हे मुलांना पाठ असतं. शेजारच्या काकूंची झाडं सुकली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. तुम्ही रोज आठवण करत राहिलात, तर ते पुन्हा तुमचंच काम झालं.

पहिलं काम वीस-तीस मिनिटांत संपणारं, ठरलेल्या वारी येणारं आणि झालं की नाही ते बघताक्षणी कळणारं निवडा. ‘आजोबांना मदत कर’ यातून काहीच कळत नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी कचऱ्याचा डबा रिकामा करायचा, धुवायचा आणि उलटा ठेवायचा’ यात पळवाट नाही. माळा आवरण्यासारखं मोठं काम सुरुवातीला नकोच. तासाभरात कंटाळा येतो, तोवर निम्मं सामान खाली आलेलं असतं आणि तो पसारा शेजाऱ्यांच्या गळ्यात पडतो.

माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात चांगलं काम म्हणजे गावाला गेलेल्या शेजाऱ्यांची झाडं सांभाळणं. इथे ‘रोज पाणी घाल’ असं सांगितलंत की झाडं मेलीच म्हणून समजा. मातीत बोट दोन पेरं खुपसायचं. आत ओल लागली तर पुढची कुंडी. कोरडी असेल तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश घालायचं आणि अर्ध्या तासाने ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं. पाणी घातल्या घातल्या खालून बाहेर आलं, तर माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली आहे. मग दहा-दहा मिनिटं थांबून दोन-तीन वेळा थोडं थोडं घालावं लागतं. मुलं हमखास चुकतात ती इथे: पान मलूल दिसलं की आणखी पाणी. माती ओली असून पानं पिवळी पडत असतील, तर पाणी जास्त झालंय, मुळं कुजायला लागली असतील. पाच दिवस दांडी मारून सहाव्या दिवशी बादली उपडी करणं हा दुसरा प्रकार. शेजारी निघण्याआधी त्यांच्याबरोबर एक फेरी मारायची आणि कमी पाण्याच्या कुंड्यांना चिठ्ठी लावून घ्यायची.

गाडी धुवायची असेल तर सावलीत, वरून खाली, आणि चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. चाकांवरच्या खड्यांनी रंगावर ओरखडे उठतात. शिडी, विजेची दुरुस्ती आणि गवत कापायचं यंत्र या वयात नकोच. संडास-बाथरूमही नको: ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

शेजाऱ्यांशी मात्र तुम्ही एकदा आधी बोलून ठेवा. घर माहितीतलं हवं, आणि तो तिथे किती वाजता जातो हे तुम्हाला ठाऊक हवं. पहिल्यांदा त्यांनी करून दाखवायचं, दुसऱ्यांदा त्याने त्यांच्यासमोर करायचं, तिसऱ्यांदा एकट्याने. ‘असू दे रे बाळा’ म्हणत त्याच्यामागे पुन्हा हात फिरवायचा नाही. काम कच्चं राहिलं तर हाक मारून परत बोलवायचं. भिडेपोटी लोक हे करत नाहीत आणि पोरगं पाट्या टाकायला शिकतं. शेवटची पाच मिनिटं खराटा-बादली जागेवर ठेवायला आणि काही फुटलं-मोडलं असेल तर स्वतः सांगायला राखून ठेवा. यायला जमणार नसेल तर तेही त्यानेच आदल्या दिवशी कळवायचं.

‘२१ दिवसांत सवय लागते’ यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा घर आणि काम न बदलता तीन महिने धरून चला. नव्याची नवलाई सरली की ढेपाळणारच.

आता पैसे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. बक्षीस अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. अर्थात तिथे आवड मुळात होती, कचऱ्याचा डबा आवडीने कोण धुतो? तरीही रोजची किरकोळ कामं फुकट करावीत, कुणी आपणहून खाऊ दिला तर घ्यावा. अर्धा दिवस मोडणाऱ्या कामाचे पैसे जरूर घ्यावेत, पण आधी ठरवून आणि पूर्ण कामाचे. तासावर ठरवलं की काम रेंगाळतं.