बंद पडलेल्या कंपन्यांच्या जॅझ तबकड्या : मूळ प्रत घ्यावी की पुनर्प्रकाशन?

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की, जुन्या जॅझच्या, विशेषतः बंद पडलेल्या कंपन्यांच्या, तबकड्या जमवायला सुरुवात करायची आहे. मूळ प्रतीच शोधाव्यात की पुनर्प्रकाशने चालतील, आणि खिसा बेताचा असेल तर सुरुवात कोठून करावी? हा प्रश्न वाचून मला गप्प बसवेना, कारण याच मुद्द्यावरून पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका घरगुती श्रवणबैठकीत चारचौघांत माझी फजिती झाली होती, आणि त्या दिवशी न सुचलेले उत्तर तेव्हापासून माझ्याजवळ तयार पडून आहे.

आधी मुद्द्याचे सांगतो. ‘मूळ की पुनर्प्रकाशन’ हा प्रश्न सर्व कंपन्यांना एकाच मापाने लावता येत नाही. ती कंपनी कशी बुडाली आणि बुडताना तिच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे काय झाले, हे आधी पाहावे लागते.

मी १९९०च्या दशकात नोकरीनिमित्त सिनसिनाटीला राहत होतो. तेथून मोटारीने दीड तासाच्या आत इंडियाना राज्यातले रिचमंड हे गाव लागते. स्टार पियानो कंपनीचा कारखाना तेथे व्हाइटवॉटर नदीच्या घळीत होता, आणि ‘गेनेट’ हे त्या पियानोवाल्यांचेच तबकड्यांचे लेबल. ५ आणि ६ एप्रिल १९२३ या दोन दिवसांत किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने तेथे वाजवले आणि त्यात दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे, फुंकून वाजवायचे वाद्य) वाजवणारा तरुण लुई आर्मस्ट्राँग होता. मायक्रोफोनचा जमाना यायचा होता. सगळा बँड एका कर्ण्यासमोर उभा राहायचा आणि त्या आवाजाच्या धक्क्याने मेणावर रेघ कोरली जायची. आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटचा आवाज इतका दणकट होता की त्याला इतरांपासून बराच मागे उभे करावे लागले, आणि ढोलाच्या दणक्याने सुई उडू नये म्हणून ढोलवादक बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. शेजारून आगगाडी गेली की काम थांबायचे. त्या मुद्रणांतल्या ‘चाइम्स ब्लूज’मध्ये आर्मस्ट्राँगचे तबकडीवरचे पहिले एकलवादन आहे, गेनेटचा क्रमांक ५१३५.

ती तबकडी मला त्याच भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, लग्नाच्या फोटोंच्या चौकटींमागे, निळ्या लेबलावरचा सोनेरी रंग अर्धा उडालेल्या अवस्थेत सापडली. दुकानदाराला तिची किंमत चांगलीच ठाऊक होती. एकशेचाळीस डॉलर मोजून मी ती घरी आणली, ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्यांसाठी मुद्दाम घेतलेली जाड सुई लावली आणि ऐकू लागलो, तर पोळ्या लाटताना पिठात खडा यावा तशी खरखर, आणि तिच्या पलीकडे कोठेतरी दूर, शेजारच्या इमारतीत वाजावा तसा बँड. पोलादी सुयांनी खाचांच्या कडा करड्या पडेपर्यंत कोणीतरी ती आवडीने झिजवली होती. ज्या एकलवादनासाठी मी पैसे मोजले, ते खरखरीतून हुडकून काढावे लागत होते. पुढच्याच आठवड्यात मी माइलस्टोन या लेबलाने १९७४ साली काढलेला आर्मस्ट्राँग-ऑलिव्हरचा दोन एलपींचा (जास्त वेळ वाजणाऱ्या, नंतरच्या काळातल्या तबकड्यांचा) जुना संच आठ डॉलरांत घेतला, आणि त्यात तेच वादन पहिल्यांदा नीट, स्वर न् स्वर, कानांवर पडले.

सुटीवर पुण्याला आलो तेव्हा या दोन्ही वस्तू मी त्या बैठकीला नेल्या. तेथे एक ज्येष्ठ संग्राहक होते, नाट्यसंगीताबरोबरच मुंबईच्या हॉटेलांतल्या जुन्या बँडांच्या तबकड्याही त्यांच्याकडे होत्या, आणि त्यांचा शब्द आमच्या गटात शेवटचा मानला जायचा. गेनेटची तबकडी त्यांनी दोन्ही तळहातांवर नैवेद्याच्या ताटासारखी धरली. एलपीच्या वेष्टनाकडे मात्र नुसती नजर टाकून म्हणाले, “आणि हे तुळशीबागेतले दागिने कशाला आणलेत?” सगळे हसले, मीही हसलो, आणि एलपी पिशवीत घातली.

आता माझे उत्तर.

गेनेटचा धंदा मंदीच्या काळात बसला आणि तिच्या धातूच्या मूळ साच्यांपैकी बहुतेक भंगारात गेले. त्यामुळे ऑलिव्हरच्या त्या मुद्रणांचे आज जे काही अस्तित्व आहे, ते लोकांच्या घरात वाचलेल्या लाखेच्या तबकड्यांपुरतेच. (ही लाख बहुतांशी आपल्याच देशातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून गेलेली, युद्धकाळात तिचा पुरवठा आटला, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या भंगार म्हणून गोळा करून पुन्हा दळल्या गेल्या. जुन्या तबकड्या दुर्मीळ होण्यामागे हेही एक कारण आहे.) ऑक्टोबर १९२३मध्ये याच बँडने केलेल्या आणखी एका गेनेट तबकडीची, क्रमांक ५२७५, तर एकच प्रत ज्ञात आहे असे जाणकार मानतात. ती एक प्रत ज्याच्या कपाटात, तो सोडून जगातल्या प्रत्येकाने ते संगीत पुनर्प्रकाशनावरूनच ऐकलेले आहे. तुळशीबागेतला हार पाहून खरा हार कसा असेल याची कल्पना येते, इतकेच. येथे नक्कल नसती तर खऱ्याचा सूरही कोणाला कळला नसता.

अशा मुद्रणांत पुनर्प्रकाशन करणाऱ्याचे काम कारागिराचे असते. वाचलेल्या प्रतींतून कमीत कमी झिजलेली निवडणे, तिच्या खाचेला योग्य जाडीची सुई लावणे आणि वेग ठरवणे, हे सगळे त्याच्या कानावर अवलंबून. ७८ हा आकडा त्या काळी नावापुरता होता. वेगात सुमारे सहा टक्क्यांची चूक झाली की पांढरी एकमधले वादन काळी एकमध्ये जाऊन बसते. जॉन आर. टी. डेव्हिस या इंग्रज तंत्रज्ञाने या कामात आयुष्य घातले. त्याचे नाव वेष्टनावर दिसले, तर मी बाकी काही न पाहता पैसे देतो.

पॅरामाउंट हे दुसरे मोठे नाव. विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने ते चालवले, आणि तबकड्यांचा माल इतका हलका वापरला की कोरी प्रतसुद्धा खरखरते. कारखाना बंद होताना कामगारांनी तबकड्या मिल्वॉकी नदीत भिरकावल्या अशी आख्यायिका आहे, पण पाणबुडे उतरवून शोध घेतला तेव्हा काही हाती लागले नाही. पॅरामाउंटची मूळ प्रत श्रवणासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट रिव्हरसाइडची. ओरिन कीपन्यूज आणि बिल ग्राउअर यांनी १९५३ साली ही कंपनी काढली ती मुळात गेनेट आणि पॅरामाउंटची जुनी मुद्रणे एलपीवर आणण्यासाठी. पुढे त्यांनी पियानोवादक थेलोनियस मंकला प्रेस्टिज या कंपनीकडून अवघ्या १०८ डॉलर २७ सेंटांत सोडवून घेतले आणि कंपनी नव्या मुद्रणांकडे वळली. १९६३च्या डिसेंबरात ग्राउअर वारला, पुढच्या वर्षी दिवाळे निघाले, आणि पुनर्प्रकाशनापासून सुरू झालेल्या कंपनीचीच पुनर्प्रकाशने निघू लागली. फरक इतकाच की रिव्हरसाइडच्या मूळ ध्वनिफिती वाचल्या. त्या एबीसी या कंपनीमार्गे १९७२ साली फँटसी कंपनीकडे आल्या, आणि १९८०च्या दशकात ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेतून निघालेल्या एलपी आजही मूळ प्रतीच्या दहाव्या हिश्शाला मिळतात. बेताच्या खिशाने सुरुवात येथूनच करावी. मूळच घ्यायची असेल, तर लेबलाच्या तळाशी ‘बिल ग्राउअर प्रॉडक्शन्स’ असे छापलेले आहे का ते वाचावे. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीच्या १९६१च्या, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या मुद्रणांची एलपी मी ‘पहिला छाप’ म्हणून टपालाने मागवली, तर तिच्या तळाशी ‘ऑर्फियम प्रॉडक्शन्स’ निघाले, म्हणजे दिवाळ्यानंतरचा छाप. विक्रेत्याने पत्राला उत्तर दिले नाही. एलपी मात्र सुरेख वाजते.

सगळी पुनर्प्रकाशने चांगली असतात, असे मी म्हणत नाही. १९६०च्या दशकात जुन्या मोनो मुद्रणांना कृत्रिम स्टिरिओचा मुलामा देऊन काढलेल्या एलपी फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. खरखर घालवण्याच्या नादात झांजेचा आणि क्लॅरिनेटचा वरचा स्वरही खरवडून काढलेल्या सीडी पुष्कळ आहेत. युरोपातल्या काही छोट्या कंपन्या अशाच सीडीवरून जाडजूड एलपी दाबून विकतात. मूळ स्रोत कोणता हे वेष्टनावर लिहिलेले नसेल, तर ती जागेवर ठेवावी. आणखी एक, १९२३ची मुद्रणे १ जानेवारी २०२४पासून अमेरिकेत हक्कमुक्त झाली आहेत, त्यामुळे ती फुकट ऐकायला मिळतात. आधी ऐका आणि मग खरेदीचे ठरवा.

त्या ज्येष्ठांचे सांगायचे राहिले. त्याच बैठकीत त्यांनी टेडी वेदरफर्डची कोलकात्यात निघालेली कोलंबियाची एक तबकडी लावली होती. हा शिकागोचा पियानोवादक आर्मस्ट्राँगबरोबर एकाच बँडमध्ये वाजवलेला, पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवत असे आणि १९४५ साली कोलकात्यात पटकीने गेला. मी आर्जव केले तेव्हा त्यांनी नाखुशीने ती कॅसेटवर उतरवून घेऊ दिली होती. काही वर्षांनी घर बदलताना हमालाच्या हातून खोके पडले आणि तिचे तीन तुकडे झाले. मला सिनसिनाटीला त्यांचा फोन आला; इकडचे तिकडचे बरेच बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, “ती तुमची कॅसेट अजून आहे का हो?” मी दोन प्रती करून पाठवल्या. तुळशीबागेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

गेनेटची ती झिजलेली तबकडी विकायला दोनदा काढली आणि दोन्ही वेळा परत कपाटात ठेवली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्यालाही कधी लाखेची तबकडी मिळालीच, तर ती स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.