लेथ-मिलिंगच्या लहान वर्कशॉपसाठी चांगले पैसे देणारं वेगळं काम कोणतं?

लेथ, मिलिंग आणि दोन कामगार आहेत, गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क परवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग जिथं मशिन बंद पडलं की मालकाचा माल नासतो, तिथलं रिपेअर धरा. थोरल्या भावाला मी हे कित्येक वर्षं सांगतोय.

आमचं वर्कशॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात. ऐन हंगामात एका रात्री नऊला एक गुऱ्हाळवाले पोत्यात गुंडाळलेला पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, घेऊन आले. क्रशरच्या गिअरचा, तीन दाते उडालेले. तोडलेला ऊस पडून होता, आणि तोडल्या उसाचं वजन नि साखर रोज उतरते. दोन ठिकाणांहून 'मॉड्यूल (दात्याचं मिलिमीटरमधलं माप) जुळत नाही' म्हणून परत पाठवलेलं. मी दाते मोजले, 18. बाहेरचा व्यास 127 मिलिमीटरला जरासा कमी, झिजल्यामुळं. दात्यांत दोन मिळवून, म्हणजे 20 नं, भागलं तर 6.35 च्या आसपास, म्हणजे ना सहाचं मॉड्यूल, ना साडेसहाचं. इंचात पाच. वीस भागिले पाच, चार. 4 डीपी, म्हणजे दात्याचं इंचातलं माप!

वडिलांचे डीपीचे कटर तेलाच्या फडक्यात बांधून फळीवर होते. दादानं ते दोनदा भंगारात काढायला घेतले होते, मी हात लावू दिला नाही. ईएन 24 पोलादाचा तुकडा टर्न केला, 18 दात्यांना चालणारा सहा नंबरचा कटर लावला, डिव्हायडिंग हेडला (दाते समान अंतरावर पाडायला तुकडा मोजून फिरवणारं साधन) 18 भोकांची रांग. दर दात्याला दोन पूर्ण फेरे आणि वर चार भोकं. एक भोक चुकलं की सगळा पिनियन वाया, म्हणून मोजताना कुणाला बोलू दिलं नाही. पहाटे की-वे (शाफ्टवर पक्कं बसवायची खाच) मारून पिनियन हातात दिला. नऊ हजार सांगितले, त्यांनी तिथंच मोजून दिले. पुढं त्यांच्याच ओळखीनं आसपासची गुऱ्हाळं आली.

तेव्हा दादा कर्जाच्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर, एका कंपनीचे बुश चौदा रुपये नगानं काढत होता. दर वर्षी रेट कमी करा म्हणून निरोप यायचा, पैसे नव्वद दिवसांनी. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे, पण गिऱ्हाईक एकच असलं की तक्रार करायची कुणाची छाती होते? एकाच कंपनीच्या भरवशावर मशिन घेणं चूकच, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

हंगाम संपला की पावसाळ्यात काम आटतं, आणि त्या महिन्यांत कामगारांचे पगार व्हीएमसीनंच काढले, हेही खरं. पहिल्या वर्षी नुसत्या रिपेअरवर पोट भरणार नाही. आणि घाईत हार्डनिंग (तापवून कडक करणं) न करता दिलेला पिनियन लवकर झिजतो, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

तुमचं गाव कुठलं ते लिहिलं नाहीत. डाळमिल, बर्फाचा कारखाना, यंत्रमाग, जे असेल तिथल्या मिस्त्रीला जाऊन भेटा, मालकाला नंतर. काय मोडतं ते त्यालाच ठाऊक असतं. आणि जुन्या बाजारात डीपीचे कटर दिसले तर आधी 4, 5, 6 आणि 8 चे उचला, घरातलं कुणी भंगार म्हणालं तरी.