काजूचं जुनं पान घेण्याआधी पाठ बघा

लिस्बनच्या जुन्या बाजारात तुमच्या भाच्याला काजूच्या झाडाचं रंगीत पान दिसलंय, विकणारा म्हणतो १६४८ च्या ब्राझीलवरच्या पुस्तकातलं आहे, घेऊ का, आणि या विषयावरचं अजून काय वाचू, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर: पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, तोवर पैसे द्यायचे नाहीत.

ते पुस्तक म्हणजे 'हिस्टोरिया नॅचुरालिस ब्राझिलिए'. ईशान्य ब्राझील तेव्हा डचांकडे होता, गव्हर्नर योहान मॉरिट्सच्या पदरी पिसो नावाचा डॉक्टर आणि मार्कग्राफ नावाचा तिशीही न गाठलेला जर्मन होता. पिसोने रोग आणि औषधं लिहिली, मार्कग्राफने झाडं, मासे, पक्षी, किडे आणि शेवटी तिथली माणसं. आतली चारशेच्या वर चित्रं लाकडी ठशांची आहेत आणि मजकुराच्या मधेच छापलेली, म्हणजे पान खरं असेल तर चित्राच्या आजूबाजूला लॅटिन हवं आणि उलटलं तरी लॅटिनच हवं. पाठ कोरी असेल तर विषय संपला. आणि चित्रात माणसं बोंडं काढतायत, रस पिळतायत असं असेल तर ते मूळ चित्र आंद्रे तव्हेच्या १५५७ च्या फ्रेंच पुस्तकातलं, या पुस्तकाशी संबंध नाही.

मी स्वतः यात पैसे घालवलेत. अननसाचं असंच एक पान घेतलं, कागद छान पिवळा, कडा कुरतडलेल्या, घरी येऊन दहापट भिंगाखाली धरलं तर हिरवा रंग म्हणजे नुसते निळे-पिवळे ठिपके, आपल्या कॅलेंडरवर असतात तसे. हाताने भरलेला रंग सलग दिसतो, कुठे रेषेबाहेर गेलेला असतो. बरं रंग हाताचा निघाला म्हणजे तो १६४८ चा असं पण नाही, रंग नंतरही भरतात, बहुतेक प्रती मुळात बिनरंगाच्याच. आणि खरं सांगू का, सुटं पान म्हणजे कुणीतरी पुस्तक फाडलंय, मला ते बघवत नाही.

पुस्तकाची गोष्ट पण भारी आहे. मार्कग्राफ १६४४ मध्ये आफ्रिकेत वारला, नोंदी कुणी चोरू नये म्हणून सांकेतिक लिपीत लिहिलेल्या, त्या योहानेस द लाएत या डच विद्वानाने सोडवल्या आणि छापल्या, त्या भानगडीत काही ठिकाणी चित्र एका प्राण्याचं आणि वर्णन दुसऱ्याचंच झालंय. १६५८ मध्ये पिसोने सगळं परत आपल्या पद्धतीने छापलं, मार्कग्राफचा माल आपल्या नावावर खपवला म्हणून लोकांनी नावं ठेवली. पुढे लिनियसने, म्हणजे झाडा-प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, टोमणा मारला की पिसोच्या नावाचं पिसोनिया हे झाड काट्याचं, आणि त्या माणसाची आठवणही तशीच. पण त्याच लिनियसने प्राण्या-वनस्पतींना नावं देताना मार्कग्राफच्या वर्णनांचा भरपूर आधार घेतलाय. प्राण्यांची नावं मार्कग्राफने तिथल्या मूळच्या तुपी लोकांचीच ठेवली, तामांडुआ (मुंग्या खाणारा प्राणी), कापिबारा (मोठा उंदरासारखा प्राणी) वगैरे. आपलं काजू आणि अननस पण त्यांच्याच भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात उतरलेत, कोकणातल्या माणसाने तरी हे पुस्तक एकदा चाळावंच.

माणसांबद्दल वाचायचं असेल तर मात्र मार्कग्राफ पुरत नाही. तपुया या तिथल्याच दुसऱ्या लोकांवरचा भाग त्यांच्यात राहिलेल्या याकोब राबेच्या माहितीवर उभा आहे, तो जरूर बघा. त्याआधीचा हान्स श्टाडन, तुपींपैकीच तुपिनांबा लोकांच्या कैदेत काही महिने काढलेला जर्मन, १५५७ मध्ये माणसं खाणाऱ्यांच्या गोष्टी छापून बसला, त्यातलं किती खरं यावर अजून भांडणं चालतात. तव्हे तिथे जेमतेम दहा आठवडे होता आणि तो बऱ्याच थापा मारतो. माझा आवडता जाँ द लेरी हा फ्रेंच माणूस, पुस्तक १५७८ चं. साधारण वर्षभर राहिला, तव्हेला उघड खोटारडा म्हणतो, आणि तुपी लोकांकडे बघता बघता आपल्या युरोपातल्या लोकांनाच झोडपतो.

मूळ प्रतीच्या मागे लागू नका, आपल्या खिशातलं काम नाही. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर १६४८ चं अख्खं स्कॅन फुकट आहे, लॅटिन जमत नसेल तर मार्कग्राफचा पोर्तुगीज अनुवाद १९४२ मध्ये साओ पाउलोत निघालाय, भाच्याला तर चालेलच. त्याचं पान त्याच स्कॅनमधल्या काजूच्या पानाशी ओळ न् ओळ जुळतंय का बघा. भाच्याला सांगा, पान उन्हाकडे धरून एक फोटो काढ, हातकागदात आडव्या-उभ्या तारांच्या रेषा दिसतात. आणि पाठीचा विसरू नको म्हणावं. आले की इथेच टाका, मी बघतो.