दावा हरले, डाव साधला : ओबामाकेअरच्या खटल्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या लेखात अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याचा, म्हणजे ओबामाकेअरचा, ओझरता उल्लेख आला होता. त्याविरुद्ध राज्यांनीच न्यायालयात धाव घेतली, हे एक वाक्य वाचून बऱ्याच जणांनी पत्रं पाठवली. त्यातले निवडक प्रश्न घेतो.

राज्याच्या वतीने दावा लावणारे हे ‘अ‍ॅटर्नी जनरल’ म्हणजे आपल्याकडचे महाधिवक्ताच ना? मग ते राजकारण कसे करतात? (विधी शाखेचा विद्यार्थी, नागपूर)

काम बरंचसं तेच, पण पद मिळण्याची वाट अगदी वेगळी. आपला महाधिवक्ता अनुच्छेद १६५ खाली नेमला जातो आणि सरकार बदललं की सहसा राजीनामा देतो. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत हा माणूस लोकांच्या मतांवर निवडून येतो. पक्षाचं तिकीट, वर्गणी, जाहिराती, सगळं आलं. त्यामुळे तो गव्हर्नरचा (तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा निवडून आलेला प्रमुख) वकील नसतो. कित्येकदा गव्हर्नर एका पक्षाचा आणि हा दुसऱ्या. ‘एजी’ या अक्षरांचा अर्थ अ‍ॅटर्नी जनरल नव्हे, तर ‘अ‍ॅस्पायरिंग गव्हर्नर’, म्हणजे ‘गव्हर्नरकीवर डोळा ठेवून बसलेला’, असा तिथे विनोदाने सांगतात, आणि तो विनोद फारसा खोटा नाही.

२०१० मध्ये याची गंमत दिसली. वॉशिंग्टन राज्याचे रिपब्लिकन एजी रॉब मॅकेना दाव्यात सामील झाले. त्यांच्या डेमोक्रॅट गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉर कायद्याच्या बाजूने. जॉर्जियात नेमकं उलट : एजी थर्बर्ट बेकर डेमोक्रॅट, त्यांनी दावा लावायला साफ नकार दिला, तेव्हा गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी वेगळा खास वकील नेमून राज्याला दाव्यात घातलं. तेव्हा ‘राज्याने दावा लावला’ असं वाचलंत की कुठल्या राज्याने, यापेक्षा राज्यातल्या कोणी, हे आधी विचारा.

कायद्यावर सही झाली त्याच दिवशी दावा दाखल झाला म्हणे. इतका मोठा कायदा वाचला कधी? (पुणे)

कायदा वाचून दावा तयारच ठेवला होता. २३ मार्च २०१० ला ओबामांनी सही केली आणि काही मिनिटांत फ्लोरिडाचे एजी बिल मॅकॉलम यांनी १३ राज्यांच्या वतीने पेन्सॅकोलाच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. या तेरांत डेमोक्रॅट एजी एकच, लुइझियानाचे. पुढच्याच वर्षी तेही रिपब्लिकन झाले. व्हर्जिनियाचे केन कुचिनेली यांनी त्याच दिवशी रिचमंडमध्ये स्वतंत्र चूल मांडली. पेन्सॅकोलाच्या दाव्यात पुढे २६ राज्यं झाली.

पेन्सॅकोलाच का? फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी, तिथेही संघीय न्यायालय आहे. पण दावा कुठे लावला तर कुठल्या विचाराचे न्यायाधीश मिळण्याची शक्यता जास्त, हे बघून गाव निवडलं जातं. आपल्याकडे वकिलांच्या खोलीत ‘बोर्ड बघून मॅटर लावणं’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. न्यायाधीश रॉजर व्हिन्सन यांनी ३१ जानेवारी २०११ ला अख्खा कायदाच रद्दबातल ठरवला.

पण सर्वोच्च न्यायालयात तर राज्यं हरली. मग एवढा खटाटोप फुकटच गेला ना? (सेवानिवृत्त विमा अधिकारी, ठाणे)

साहेब, तुमच्या पत्रामुळेच हा लेख लिहायला घेतला. कारण हा समज सगळीकडे आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

कायद्यात दोन मोठे खांब होते. एक, प्रत्येकाने विमा घ्यायचा, नाहीतर आयकराबरोबर दंड भरायचा. पुढे तो दंड माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते, असा झाला. दोन, मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना सगळ्या राज्यांनी वाढवायची. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेला प्रत्येक प्रौढ तिच्यात आला पाहिजे. वाढीव खर्च पहिली तीन वर्षं पूर्ण केंद्राचा, नंतर उतरत २०२० पासून ९० टक्के.

सगळा गाजावाजा झाला पहिल्या खांबाचा. मार्च २०१२ मध्ये तीन दिवस सुनावणी चालली. सरकार विमा घ्यायला लावू शकतं तर उद्या ब्रोकोली खायलाही लावेल का, असं न्यायमूर्ती स्कालिया यांनी विचारलं आणि महिनाभर अमेरिकेत त्या भाजीचीच चर्चा. २८ जून २०१२ ला निकाल आला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी वाचनाची सुरुवात केली ती सरकारविरुद्ध : व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारात अशी सक्ती बसत नाही. सीएनएन आणि फॉक्स यांनी तेवढ्यावरच ‘सक्ती रद्द’ अशी बातमी झळकवून टाकली. पानं उलटल्यावर कळलं की हा दंड म्हणजे एक कर आहे, असं धरून ५ विरुद्ध ४ मतांनी सक्ती वाचवलेली आहे. वाहिन्यांची शोभा झाली.

पण खरी कलाटणी त्याच्याही पुढे होती, आणि तिकडे त्या दिवशी फार कमी जणांचं लक्ष गेलं. मेडिकेड वाढवलं नाही तर राज्याचा आधीपासून मिळणारा सगळाच मेडिकेडचा निधी बंद, अशी तरतूद होती. राज्यांच्या अंदाजपत्रकाच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम ती. हे प्रोत्साहन नव्हे, डोक्याला लावलेलं पिस्तूल आहे, असं रॉबर्ट्स यांनी लिहिलं. आणि इथे मतं होती ७ विरुद्ध २! उदारमतवादी समजले जाणारे ब्रायर आणि केगनही त्यांच्याबरोबर होते. परिणाम काय, तर मेडिकेडची वाढ ऐच्छिक झाली.

त्याचा अर्थ टेक्सासात काय होतो बघा. मोटेलमध्ये खोल्या आवरणारी एक बाई धरा. एकटी, मूलबाळ नाही, अपंगत्व नाही, कमाई दारिद्र्यरेषेच्या थोडी खाली. कितीही गरीब असली तरी टेक्सासच्या जुन्या नियमांत तिला मेडिकेड नाही. बाजारातला विमा घ्यावा तर त्याचं अनुदान दारिद्र्यरेषेपासून पुढे सुरू होतं, कारण त्याखालचे सगळे मेडिकेडमध्ये असतील असं कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणजे तिच्याहून जास्त कमावणाऱ्याला मदत आणि तिला शून्य. हे कुणी विधिमंडळात ठरवून लिहिलेलं नाही. एका ‘हरलेल्या’ दाव्यातून उरलेली ही फट आहे. ४० राज्यांनी पुढे योजना वाढवली, काही ठिकाणी नेते अडून बसल्यावर लोकांनीच जनमत घेऊन : मेन २०१७, आयडाहो, युटा आणि नेब्रास्का २०१८, ओक्लाहोमा आणि मिसूरी २०२०, साउथ डकोटा २०२२. टेक्सास आणि फ्लोरिडा अजून बाहेरच. दोन्ही त्या २६ मध्ये होती, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत असं, की या दाव्यांत कोण जिंकलं हे मथळ्यावरून ठरवू नये.

मग २०१८ चा टेक्सासचा दावा काय होता? एकदा निकाल लागल्यावर पुन्हा कसा? (एडिसन, न्यू जर्सी)

२०१७ च्या डिसेंबरात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दंडाची रक्कम शून्य केली. झालं, टेक्सासचे एजी केन पॅक्स्टन यांनी सूत पकडलं : सक्ती ‘कर’ म्हणून वाचली होती, शून्याचा कर तो कसला कर, म्हणून सक्ती घटनाबाह्य, आणि सक्ती गेली की अख्खा कायदा गेला. पहिली पायरी तरी वादासाठी मान्य करू; पण ज्या काँग्रेसने फक्त दंड काढला आणि बाकी सगळं ठेवलं, तिला बाकीचंही पाडायचं होतं असं म्हणणं म्हणजे कमालच. फोर्ट वर्थचे न्यायाधीश रीड ओकॉनर यांना ते पटलं (१४ डिसेंबर २०१८). ट्रम्प सरकारच्या न्याय खात्याने स्वतःच्याच देशाच्या कायद्याचा पूर्ण बचाव करायला नकार दिला, तेव्हा कॅलिफोर्नियाचे झेवियर बेसेरा आणि इतर डेमोक्रॅट एजी बचावाला उभे राहिले.

१७ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी दावा बाहेर काढला, तोही गुणदोषांत न शिरता. तुमचं नुकसान काय झालं ते सांगा. शून्य डॉलरच्या दंडाने कुणाला ओरखडा उठतो? दाद मागण्याचा अधिकारच नाही, संपलं.

मधल्या काळात मात्र दाव्याची धार उलटी फिरली होती. आधीचे आजार असलेल्यांनाही विमा नाकारता येणार नाही, ही कायद्यातली तरतूद तोवर लोकांना आवडायला लागली होती. वेस्ट व्हर्जिनियाचे एजी पॅट्रिक मॉरिसी या दाव्यात होते आणि २०१८ मध्ये सिनेटर जो मॅन्चिन यांच्याविरुद्ध उभे होते. मॅन्चिन यांनी जाहिरातीत चक्क बंदूक घेऊन त्या दाव्याच्या कागदांवर गोळी झाडली आणि निवडून आले. याच मॅन्चिननी २०१० च्या बंदुकीच्या जाहिरातीत ओबामाकेअरमधलं वाईट ते काढून टाकण्याचं वचन दिलं होतं! (मॉरिसी यांचंही पुढे बरं चाललं, २०२४ मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले.)

तुम्ही रिपब्लिकनांनाच झोडपता. डेमोक्रॅट धुतल्या तांदळासारखे आहेत का? (नाव न छापण्याची विनंती)

नाहीत. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये विमा कंपन्यांना दिली जाणारी रक्कम थांबवली, तेव्हा डेमोक्रॅट एजी लगोलग न्यायालयात गेले. त्यांनाही सोयीचं गाव शोधता येतं. फरक मला एवढाच दिसतो, की तुटपुंज्या युक्तिवादावर अख्खा कायदा पाडायचा प्रयत्न त्या बाजूने केला नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं.

भारतात असं का होत नाही? (नागपूरचाच विद्यार्थी)

होतं, पण क्वचित. अनुच्छेद १३१ खाली राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं. केरळने २०२० मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्ध तसा दावा लावला. आरोग्यात मात्र गरजच पडत नाही. तो राज्यसूचीतला विषय, त्यामुळे आयुष्मान भारत नको असेल तर सामंजस्य करारावर सही करायची नाही, की झालं. पश्चिम बंगाल २०१९ मध्ये असाच बाहेर पडला. ओडिशा आणि दिल्ली २०२५ मध्ये आत आली, ती सरकारं बदलल्यावर.

माझी मुलगी डॅलसला आहे, तिला मधुमेह आहे. जावई एच-१बी वर. टेक्सास परत दावा लावेल आणि हिचा विमा जाईल का, या काळजीने झोप लागत नाही. (एक आई, सांगली)

ताई, तो दावा संपला आहे. मधुमेह आहे म्हणून तिला विमा नाकारता येत नाही, हप्ताही त्यासाठी वाढवता येत नाही. काळजी करायचीच तर जावयांच्या नोकरीची करा, कारण विमा तिला जोडलेला आहे. नोकरी गेलीच तर विमा संपल्यापासून ६० दिवसांत सरकारी विमा बाजारात नवीन पॉलिसी घेता येते. मात्र २०२५ च्या कायद्याने, २०२७ पासून एच-१बी वाल्यांना तिथे अनुदान मिळणार नाही, हे हिशेबात धरा. नोकरी गेल्यावर तिथे राहायची व्हिसाची सवलतही जास्तीत जास्त ६० दिवसांचीच, पण ती मोजली जाते नोकरी संपल्यापासून. विमा कधीकधी महिनाअखेरपर्यंत चालू राहतो, त्यामुळे दोन्हींच्या तारखा जुळतीलच असं नाही. विमा कुठल्या तारखेला संपला, याचं पत्र कंपनीकडून मागून घ्यायला सांगा. नवीन पॉलिसीसाठी तेच लागतं.