साध्या क्षाराऐवजी पॉलीस्टायरिन सल्फोनेट घेतल्यास पॉलिपायरोलचा थर बदलतो का?

पाण्यात पायरोलचे विद्युत्-रासायनिक पॉलिमरीकरण करताना (म्हणजे वीज वापरून पायरोलचे रेणू जोडून विद्युताग्रावर पॉलिपायरोल या वाहक पॉलिमरचा थर बनवताना) सोडियम क्लोराइडऐवजी सोडियम पॉलीस्टायरिन सल्फोनेट घेतले तर फक्त द्रावण बदलते की थरही वेगळा बनतो, असे तुम्ही विचारले आहे. थर निश्चितच वेगळा बनतो, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा फरक त्यातून कोणता आयन ये-जा करतो हा आहे.

धनाग्रावर पायरोलचे ऑक्सिडीकरण होऊन साखळी वाढते, तेव्हा साधारण दर तीन-चार पायरोल-वलयांमागे एक धनभार तिच्यावर राहतो आणि त्याचा तोल राखण्यासाठी द्रावणातील ऋण आयन थरात शिरतात. ते क्लोराइडचे असतील, तर थराचे क्षपण होताच, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून साखळीचा धनभार जाताच, ते बहुतांशी बाहेर पडतात. पॉलीस्टायरिन सल्फोनेटची लांब, ऋणभारित साखळी मात्र असंख्य ठिकाणी पॉलिपायरोलमध्ये गुंतलेली असल्याने तिला बाहेर पडता येत नाही. त्यामुळे क्षपणाच्या वेळी द्रावणातील सोडियम आयनांनाच आत यावे लागते. थराच्या वस्तुमानातील अतिसूक्ष्म बदल मोजणाऱ्या क्वार्ट्झ सूक्ष्मतुलेवर हे स्पष्ट दिसते: क्षपण होताना क्लोराइडच्या थराचे वस्तुमान घटते, तर पॉलीस्टायरिन सल्फोनेटच्या थराचे वाढते. अर्थात आयनांबरोबर पाणीही हलत असल्याने वस्तुमानातील फरकावरून थेट आयनांची संख्या काढू नये.

अॅनिलिनपासून बनणाऱ्या पॉलिअॅनिलिन या दुसऱ्या वाहक पॉलिमरच्या बाबतीत ऋणभारित साखळी अडकवण्याचा हा परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो. नेहमीच्या आम्लात बनवलेल्या पॉलिअॅनिलिनची विद्युत्-रासायनिक क्रियाशीलता पीएच ४ च्या वर झपाट्याने मावळते; पण सल्फोनिक गट असलेले पॉलिआम्ल संश्लेषणाच्या वेळीच थरात अडकवले, तर ती उदासीन द्रावणाच्या जवळपासही टिकते, आणि म्हणूनच जैवसंवेदकांसाठी असे थर उपयोगी ठरतात.

प्रयोग करताना पॉलिमरीकरणाच्या द्रावणात दुसरा क्षार मिसळू नका, कारण लहान ऋण आयन चपळ असल्याने तेही थरात जागा पटकावतात आणि निष्कर्ष संदिग्ध होतो. वहनासाठी सल्फोनेटचे स्वतःचे सोडियम आयन पुरेसे असतात. विभव गरजेपेक्षा जास्त धन ठेवल्यास अतिऑक्सिडीकरणाने थराची वाहकता जाते. थर धुऊन झाल्यावर सायक्लिक व्होल्टॅमेट्री (विभव पुढे-मागे बदलत विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत) आधी सोडियम क्लोराइडमध्ये आणि मग टेट्राब्युटिलअमोनियम क्लोराइडमध्ये करा: ऋण आयन तोच असूनही, धन आयन मोठा झाल्यावर प्रवाहाच्या आलेखातील शिखरे सरकली किंवा खुजी झाली, तर तुमच्या थरात धन आयनच हलत आहेत असे समजावे.