पहाटे तीनची वजाबाकी

"मॅडम, घर घ्यायचं ठरलंय. सगळे खूश आहेत. मलाच झोप लागत नाही. माझ्यात काही बिघडलंय का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे नेहमी येतो. दसरा-पाडव्याच्या मागेपुढे जरा जास्तच. मुहूर्तावर टोकन देऊन होतं, पेढे वाटून होतात आणि मग घरातल्या एकाची झोप उडते. बाकीचे म्हणतात, 'हिला नेहमीच सगळ्याची भीती वाटते.' वैशाली आणि सुहास (नावं बदलली आहेत, काही तपशीलही, लिहायला दोघांची परवानगी आहे) माझ्याकडे आले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. तिला 'ॲंग्झायटी' आहे, तेवढी बरी करून द्या, अशी सुहासची साधी अपेक्षा होती. एखादी वस्तू दुरुस्तीला टाकावी तसा तो खुर्चीच्या कडेवर बसला होता.

सुहास चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. वैशाली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मुलगी दुसरीत. रावेतमध्ये १९ हजार भाड्याने राहत होते. पुनावळ्याच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पात दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला, किंमत ७२ लाख, आणि दसऱ्याला ५१ हजारांचं टोकन दिलं. त्या रात्रीपासून वैशालीला पहाटे तीनला जाग येऊ लागली.

"जाग आल्यावर काय करता?" मी विचारलं.

तिने उत्तर न देता मोबाइल पुढे केला. कॅल्क्युलेटरचा इतिहास उघडला होता. ९८,००० वजा ५०,०००. खाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा तेच. मध्येच एकदा १९,००० वजा केलेले. मी अंगठ्याने वर सरकवत गेले, तरी संपेना. रोज पहाटे ही बाई एकच वजाबाकी करत होती आणि उत्तर बदलतंय का ते पाहत होती.

भीतीच्या आजारात माणूस सहसा भलतीसलती कल्पना करतो. हिच्या मोबाइलमध्ये कल्पना कुठेच नव्हती, आकडे होते. म्हणून मी त्या दिवशी श्वासाचे व्यायाम वगैरे काही शिकवले नाहीत. दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. घरात येतं किती, जातं किती, साठलंय किती, घरासाठी लागणार किती. एकमेकांना विचारायचं नाही, पंधरा मिनिटं. हे मी बऱ्याच जोडप्यांकडून करून घेते. कागद शेजारी शेजारी ठेवले की निम्मं बोलणं तिथेच होतं.

सुहासचा कागद नीटनेटका होता. घराची किंमत ७२ लाख. बँक देणार ८० टक्के, म्हणजे ५७ लाख ६० हजार. उरले १४ लाख ४० हजार. साठवलेले १३ लाख, अण्णा (सुहासचे वडील) देणार ८ लाख, एकूण २१. खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'शिल्लक ६ लाख ६०'. फर्निचर त्यातच बसवलं होतं.

मी समुपदेशक आहे, सीए नाही. पण इतकी वर्षं हे कागद बघून काही गोष्टी पाठ झाल्यात. "मुद्रांक शुल्क कुठे आहे?" मी विचारलं. पिंपरी-चिंचवडमध्ये ते तेव्हा सात टक्के पडत होतं, म्हणजे पाच लाख चार हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर, त्यामुळे पाच टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख साठ हजार. बेरीज आठ लाख ९४ हजार. या खर्चासाठी बँक सहसा कर्ज देत नाही, तो खिशातून करावा लागतो. लागणार होते २३ लाख ३४ हजार आणि हातात २१. फर्निचरचा अजून एक स्क्रूही आला नव्हता. सोसायटीच्या देखभालीची आगाऊ रक्कम, वकील, पार्किंगच्या नावाने मागितले जाणारे पैसे हे तर वेगळंच.

सुहास म्हणाला, "सेल्सवाल्याने 'ऑल इन्क्लुझिव्ह' सांगितलं होतं."

"लिहून दिलंय?"

लिहून काहीच दिलं नव्हतं. एक पावती होती.

दुसरी गोष्ट वैशालीच्या कागदावर दिसली. सुहासने उत्पन्न लिहिलं होतं ७८ अधिक ३४, म्हणजे एक लाख १२ हजार. तिने लिहिलं होतं ९८. फरक १४ हजारांचा. ते सुहासच्या ओव्हरटाइमचे. कारखान्यात मागणी असली की मिळतात, नसली की नाही. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने मिळाले नव्हते, हे तिला पाठ होतं, तो विसरला होता. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५७ लाख ६० हजारांचा हप्ता जवळजवळ ५० हजार होतो. ९८ मधले ५० गेले की पगाराचा अर्धा भाग संपला. वर ताबा मिळेपर्यंत रावेतचं भाडं आहेच. बांधकाम चालू असताना बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते आणि तेवढ्याच रकमेवर व्याज घेते हे खरं, पण इमारत वर चढते तसा तो आकडाही चढतो.

तिच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : आईला दरमहा ४०००. मिरजेला तिची आई एकटी राहते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सुहासला हे माहीत नव्हतं. तो त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसला. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "सांगायचंस ना." ती म्हणाली, "तू नाही म्हणाला असतास असं नाही. पण मला विचारावं लागलं असतं."

पहिली बैठक इथेच थांबवली. जाताना एकच काम दिलं : महारेराच्या (रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पान उघडायचं आणि पुढच्या वेळी मला दाखवायचं. हल्ली जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला तरी पुरतं. हे मी समुपदेशनाचाच भाग मानते. ज्याला धास्ती वाटते त्याला 'काळजी करू नकोस' म्हणून काही होत नाही. त्याच्या हातात तपासण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं.

पुढच्या आठवड्यात सुहास आत आला तोच मोबाइल हातात धरून. सेल्सवाला म्हणाला होता, '२०२४ च्या दिवाळीला चावी.' महारेराच्या पानावर बिल्डरने स्वतः भरलेली पूर्णत्वाची तारीख होती ३१ डिसेंबर २०२६. लांबची तारीख भरण्यात बेकायदेशीर काही नाही. कायद्याने बांधील असलेली तारीख बिल्डर लांबची देतो आणि तोंडाने जवळची सांगतो. उशीर झाला तर रेरा कायद्याने व्याज मागता येतं किंवा पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं, पण ते करारात लिहिलेल्या तारखेनंतर. तोंडी दिवाळी करारात नसते. आणि १९ हजार भाड्याची आणखी दोन वर्षं म्हणजे साडेचार लाख. तेही त्याच्या कागदावर नव्हते.

आणखी एक. बिल्डरच्या ऑफिसातून रोज फोन येत होता : महिनाअखेरपर्यंत २० टक्के भरा, नाहीतर दर वाढेल, करार नंतर करू. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे मी सांगितल्यावर सुहास खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकून बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपण उशीर करतोय.

पण वैशालीची झोप अजून आली नव्हती. आकडे मांडून झाले, तारीख कळली, तरी तीनला जाग येतच होती. म्हणजे हिशेबाच्या खाली अजून काहीतरी असणार. तिसऱ्या वेळी तिला एकटीला बोलावलं. ती आधी मुलीच्या शाळेचं बोलली, मग लॅबमधलं, आणि उठता उठता म्हणाली, "बँकेने माझ्या तीन पगारचिठ्ठ्या मागितल्यात."

"कशासाठी?"

"सहकर्जदार म्हणून. एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही."

"आणि करारात?"

"करार सुहासच्या एकट्याच्या नावे. अण्णा म्हणाले, नाव एकाचंच असू दे, पुढे सोपं पडतं."

मी तिला खाली बसवलं.

हे जितक्या जणींच्या बाबतीत होतं तितकं त्यावर बोललं जात नाही. घराच्या करारात नाव असेल तर बँक कर्जावर सही घेतेच. उलटं मात्र नसतं : कर्जावर सही केली म्हणून घर नावावर होत नाही. उद्या हप्ते थकले तर बँक तिच्याही दारात येणार, तिचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) पडणार, आणि मालकीचं विचाराल तर शून्य. प्राप्तिकरात व्याजाची वजावट मागायलाही मालकीत नाव लागतं. वैशालीला हे कुणी समजावलं नव्हतं, तिला ते नुसतं जाणवत होतं. बोलून दाखवलं तर 'हिला घरात वाटा हवाय' असं होईल, म्हणून ती पहाटे वजाबाकी करत होती. वजाबाकी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

सुहासला सांगितलं तेव्हा तो खरोखर गोंधळला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्याने त्या कागदाचा विचारच केला नव्हता. मला अशी माणसं बदमाशांपेक्षा जास्त भेटतात. मग त्यानेच अण्णांना एका रविवारी बोलावून घेतलं. अण्णा साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. माझ्यासमोर ताठ बसले. "आमच्यात बायकांच्या नावाने घरं नाहीत असं नाही," म्हणाले, "पण आठ लाख माझे निवृत्तीचे आहेत. धाकटा गावी आमच्याजवळ राहतो. त्याला काय सांगू?"

तेव्हा कुठे कळलं की सुनेचं नाव ही त्यांची अडचण नव्हतीच. धाकट्या मुलाला न विचारता थोरल्याला पैसे द्यायचे होते आणि ते बोचत होतं. 'एकाचंच नाव' म्हणजे निदान पैसे आपल्या मुलाकडे राहिले, एवढा त्यांचा हिशेब. मी विचारलं, "हे आठ लाख देणगी म्हणून देताय की उसने?" ते म्हणाले, "पोराला कुणी उसने देतं का?" सुहास म्हणाला, "अण्णा, मग भाऊला सांगूया." याला मोजून दोन मिनिटं लागली असतील. त्याच्या आधी दोन महिने गेले होते.

धाकट्याशी बोलणं झालं. त्याला राग आला, मग गेला, आणि अण्णांनी थोरल्याला आठऐवजी चारच लाख द्यायचे ठरले. पुनावळ्याचा फ्लॅट आपोआप हाताबाहेर गेला. टोकन परत मागताना फोनवर काहीच झालं नाही. ईमेल केल्यावर आणि चार फेऱ्या मारल्यावर दीड महिन्याने पैसे आले. म्हणून सगळ्यांना सांगते, टोकन देताना नुसती पावती घेऊन येऊ नका. वाटपपत्र (फ्लॅट तुमच्यासाठी राखल्याचं बिल्डरचं पत्र) मागा आणि बुकिंग रद्द केलं तर किती दिवसांत किती कापणार ते त्यात वाचा. महारेराच्या नमुन्यात हे टप्पे दिलेले आहेत.

पुढे त्यांनी चिंचवडला बारा वर्षं जुन्या इमारतीत ५४ लाखांचं घर पाहिलं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, होतं. (आमच्या स्वतःच्या इमारतीला ते मिळायला अकरा वर्षं गेली आणि तोवर आम्ही टँकरचं पाणी प्यायलो, त्यामुळे हा कागद मी आधी विचारते. घर घेताना मी फक्त स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते ते पाहिलं होतं.) जुनं घर, म्हणून जीएसटी नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, काढून घेतला. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून व्हायचं होतं. ते माहीत करून घेऊन, भावात तेवढं कमी करून घेतलं. हप्ता साडेसदतीस हजार, म्हणजे ओव्हरटाइम न धरता ९८ मधून पेलणारा. मिरजेचे चार हजार आता सुहासच्या खात्यातून जातात. एजंट म्हणाला, "ताईंच्या एकटीच्या नावे घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचेल." ते ५४ हजार झाले असते. वैशालीनेच नको म्हटलं. जून २०२४ मध्ये दोघांच्या नावे नोंदणी झाली.

दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन आली होती. झोपेचं विचारलं.

"लागते. पण कधीकधी तीनला जाग येते अजून," ती म्हणाली. "शेजारच्या इमारतीची पाण्याची मोटर तेव्हाच सुरू होते. तुम्ही एवढं सगळं सांगितलंत मॅडम, पण घर रात्रीही जाऊन बघा म्हणून नाही सांगितलंत."