बाकी काहीही आणा, ओला दगड आणू नका

तुमची पोस्ट वाचताना वाटलं, माझीच जुनी वही कोणीतरी उघडून वाचतंय. नेरूळहून सांगलीला, विश्रामबागेत बिऱ्हाड हलवताय. ३०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, दोन क्लाउन मासे, एक गोबी मासा, आणि झोआ, मशरूम, लेदर हे मऊ कोरल (प्रवाळ). दगडांवर एप्टेशियाचं, म्हणजे डंख मारणाऱ्या छोट्या समुद्रफुलांचं, रान माजलंय आणि वाळूत लाल फ्लॅटवर्म, म्हणजे चपटे किडे. विचारताय की दगड ओलेच ड्रममध्ये घालून एका रात्रीत सगळं हलवावं आणि कीड नंतर निवांत मारावी का.

नका हो. मी ठाण्याहून सांगलीला आलो तेव्हा जवळपास हेच केलं, आणि ती 'निवांत' वेळ काही आलीच नाही.

पिशव्या, थर्माकोलचे डबे, बॅटरीवरचा एअर पंप, मासे दोन दिवस उपाशी ठेवणं हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. मुख्य अडचण वेगळीच आहे. हलवताना दगडातले, पाण्यातला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया जगवायचे असतात आणि कीड काढताना त्याच दगडावरचं सगळं मारायचं असतं. एका दगडावर एकाच दिवशी दोन्ही होत नाही. म्हणून सांगलीतला टँक आधी उभा करा. कोरडे दगड, नवी वाळू, आरओचं पाणी, मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, बाटलीतले बॅक्टेरिया. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टँक तयार. दीड-दोन महिने धरा. जुनी वाळू मात्र नेरूळलाच टाकून या. तिच्या खालच्या काळ्या थराला सडक्या अंड्याचा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड. ती ढवळून नव्या टँकमध्ये घालणं म्हणजे विकतचं दुखणं.

आता माझी चूक. वरचं सगळं मी केलं होतं. घरच्यांच्या शिव्या खात दोन महिने रिकामा टँक चालवला होता. निघायच्या रात्री ठाण्याच्या गॅलरीत बादलीपाशी उभा होतो. हातात वाटीएवढा एक दगड, जांभळ्या कोरलाइन शेवाळाने मढलेला, सहा वर्षांचा. टॉर्चखाली चहूबाजूंनी फिरवून पाहिला, एकही एप्टेशिया नाही. मनात आलं, एवढे बॅक्टेरिया फुकट का घालवायचे? घातला डब्यात. त्याच्याबरोबर सम्पमधल्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) सिरॅमिक रिंगांची जाळीची पिशवीही.

सहा आठवडे टँक आरशासारखा होता. मग एका रात्री दिवे गेल्यावर टॉर्च मारली, तर रिटर्न पंपाच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पारदर्शक, मिशा हलवत उभं. तेव्हाही सावरता आलं असतं. पण मी चिमटा घातला आणि ओढलं. एप्टेशिया ओढून निघत नाही, तुटतो, आणि पायाचा जो तुकडा मागे राहतो त्यातून नवा उगवतो. श्रावणात एक होता, दिवाळीला मोजायचं सोडून दिलं. झोआची जी वसाहत वाचवायला हा सगळा खटाटोप केला, तिला डंख मारमारून त्यांनी मिटवून टाकली. शेवटी पुढच्या मे महिन्यात पूर्ण टँक मोडला. म्हणजे जे काम ठाण्यात एका संध्याकाळी झालं असतं, ते वर्षभराने सांगलीत केलं.

ते दगड गच्चीवर वाळत घातले. शेजारच्या काकूंचे सांडगे त्याच गच्चीवर. तिसऱ्या दिवशी जो वास सुटला, त्यानंतर त्या माझ्याशी पाडव्यापर्यंत बोलल्या नाहीत. मेलेला रीफ किती घाण मारतो हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. कडकडीत वाळवून, मग ब्लीचच्या पाण्यात, मग हायपो (क्लोरीन घालवणारं रसायन) घालून धुऊन पुन्हा वाळवले. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र आणू नका, क्लोरीन वायू होतो. आणि पाया पडून सांगतो, दगड उकळू नका. झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, त्याची वाफ नाकात जाऊन माणसं दवाखान्यात भरती झाली आहेत. झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. (मी डॉक्टर नाही, केमिस्टही नाही. हात पोळलेला माणूस आहे एवढंच.)

कोरल कसे आणायचे? प्लगसकट, म्हणजे ज्या छोट्या चकतीवर ते चिकटवलेले असतात तिच्यासकट, आणू नका. प्रत्येक फ्रॅग (कोरलचा तुकडा) जुन्या प्लगवरून सोडवा आणि नव्या प्लगवर सुपरग्लूच्या जेलने चिकटवा. लेदर चिकटत नाही, तो दोऱ्याने बांधा. मग डिप, म्हणजे किडे मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं. पण डिपने मोठे किडे मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा करा. डिपच्या भरवशावर एप्टेशिया सोडू नका, त्याच्यासाठी डोळे आणि ब्लेडच. जमलं तर सांगलीत एका टबात सहा आठवडे वेगळे ठेवा. कंटाळवाणं आहे, मान्य.

फ्लॅटवर्मचं औषध निघण्याच्या आठवड्यात अजिबात घालू नका. मरताना ते विष सोडतात, शेकडो एकदम मेले की मासेही जातात. तीन आठवडे आधी बारीक नळीने जमतील तेवढे ओढून काढा, मग औषध, मग विष शोषायला कार्बन आणि पाणीबदल. पेपरमिंट श्रिंप सोडून एप्टेशिया खाऊ घालायचा विचार असेल तर नीट बघून घ्या, त्या नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात मारतात आणि तो कोरलच खातो. बर्गिया ही गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते, पण आपल्याकडे मिळाली तर नशीब समजा.

मला ट्रान्सपोर्टवाल्याचाही पुळका नाही. नाव घेत नाही. काच उभी नेणार, दोन माणसं, विमा, सगळं तोंडी ठरलं होतं. टेम्पो पेठ नाक्यापासून पुढे त्या खड्ड्यांतून आला तेव्हा जुन्या टँकचा कोपरा उडालेला. ऑफिसात गेलो तर 'पावतीवर काच लिहिलेली नाही साहेब' म्हणून तीन वेळा परत पाठवलं. पावतीवर लिहून घ्या, फोटो काढा. आणि जीव असलेलं काहीही टेम्पोत देऊ नका. ते स्वतःच्या गाडीत, एसी लावून, रात्रीचं. खंबाटकी पहाटेआधी ओलांडलात तर बरं.

पोचल्यावर तासन्‌तास पिशवीत टँकचं पाणी थेंब-थेंब घालत बसू नका. इथे बऱ्याच जणांशी माझं पटत नाही, पण कारण आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया तितका मारक नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. निघायच्या आधीच दोन्हीकडची सॅलिनिटी (खारटपणा) एक करून ठेवा, घनता १.०२५. पिशवी तरंगवा, तापमान जुळलं की मासा हाताने उचलून टँकमध्ये. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये.

सांगलीची हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे ठाण्यात नुसता फिरणारा पंखा इथे खरोखर पाणी गार करतो. पण पाणीही तेवढंच उडतं, माझं रोज चार-पाच लिटर. भर घालताना साधं आरओचं घाला, खारं नाही. घर नदीकडच्या भागात असतं तर तळमजल्यावर टँक नको म्हणालो असतो, २०१९ चा पूर बघितलाय. विश्रामबागेत तुमचं निभेल, तरी वीज गेली तर काय याचा विचार करून ठेवा.

एक राहिलं. तुमच्या यादीत कडक कोरल दिसले नाहीत ते बरं आहे. ते वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्याबद्दल मला विचारू नका, वकिलाला विचारा.

निघण्याआधी प्लगच्या खालच्या बाजूंचे फोटो टाका, वरचे नकोत. आणि तुमच्या सम्पमध्ये तसल्या रिंगा असतील तर आत्ताच टाकून द्या.